टाच चौदा महिने दुखते आहे: सुई, शॉकवेव्ह की दुर्बीण?

प्रश्न असा आहे. ४७ वर्षांच्या एका प्राथमिक शिक्षिकेची उजवी टाच गेले चौदा महिने दुखते आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली आठ-दहा पावले भिंत धरून टाकावी लागतात, मग थोडे सैल होते, आणि चौथ्या-पाचव्या तासिकेनंतर पुन्हा ठणका सुरू होतो. एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलेले’ दिसले. स्टेरॉइडची दोन इंजेक्शने झाली. पहिल्याने अडीच महिने आराम पडला, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. आता एका डॉक्टरांनी शॉकवेव्ह, म्हणजे बाहेरून दिलेले ध्वनिलहरींचे ठोके, सुचवले आहे, दुसऱ्यांनी स्वतःच्याच रक्तापासून तयार केलेले इंजेक्शन, आणि तिसऱ्यांनी दुर्बिणीतून तळव्यातला ताणलेला पट्टा सोडवून वाढलेले हाड घासून टाकावे असे म्हटले आहे. यांतले काय करावे, आणि हाड पुन्हा वाढेल का, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षे मुख्यतः पाय आणि घोटा यांचेच रुग्ण पाहतो. आपल्या पत्रावरून माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. तिसरे स्टेरॉइड घेऊ नये. हाडाचा विचार मनातून काढून टाकावा. दुर्बिणीची वेळ बहुधा आलेली नाही. मात्र या तीन सल्ल्यांपैकी कोणताही स्वीकारण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात, ज्यांचा आपल्या पत्रात कुठेच उल्लेख नाही: आपली पोटरी किती आखडलेली आहे, आणि सोनोग्राफीत तळव्याचा पट्टा किती जाड झाला आहे. निवड ठरते ती या दोन गोष्टींवर.

प्रथम हाडाविषयी, कारण दहांपैकी आठ रुग्ण माझ्यासमोर एक्स-रे ठेवून तिथेच बोट ठेवतात. चित्रात टाचेच्या हाडाखाली काट्यासारखे टोक दिसते आणि प्रत्येक पावलाला ते आतून टोचत असणार, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण ते टोक जमिनीकडे रोखलेले नसते. ते बोटांच्या दिशेने, जमिनीला समांतर पुढे गेलेले असते, आणि बहुतेक वेळा दुखणाऱ्या पट्ट्यात नसून त्याच्या वर, बोटे वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या उगमापाशी असते. टाच कधीही न दुखलेल्या कित्येक लोकांत ते सापडते, आणि टाच प्रचंड दुखणाऱ्या कित्येकांत सापडत नाही. दुखणे पूर्ण बरे झालेल्या रुग्णाचा दोन वर्षांनी एक्स-रे काढला, तर टोक जिथल्या तिथे असते. तेव्हा ते पुन्हा वाढेल का, हा प्रश्न उरत नाही. ते राहिले तरी चालते.

दुखते तो भाग म्हणजे प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडाच्या आतल्या कडेपासून निघून पाचही बोटांच्या बुडाशी जाणारा हा चिवट पट्टा पायाची कमान तोलून धरतो. १९५४ साली हिक्स या ब्रिटिश संशोधकाने त्याचे काम ज्या उपमेने समजावले, ती आपल्याकडे विहीर पाहिलेल्या कोणालाही लगेच पटेल. रहाटाच्या कण्याला दोर गुंडाळला की तो आखूड होतो आणि भार वर येतो. पाऊल उचलताना बोटे वर वळतात, पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती असाच गुंडाळला जातो, कमान वर उचलली जाते, आणि त्या सगळ्या ओढीचे एक टोक टाचेच्या आतल्या कडेला खिळलेले असते. रात्री झोपेत पाऊल खाली कललेले राहते, त्यामुळे पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात. सकाळच्या पहिल्या पावलाला ते दोन्ही एकदम ताणले जातात. रात्रभर विश्रांती होऊनही सकाळच सर्वांत वाईट का, याचे उत्तर यातच आहे.

या आजाराला प्लांटर फॅसायटिस म्हणतात, पण त्यातला ‘आयटिस’ म्हणजे दाह हा शब्द जुनाट दुखण्याला लागू पडत नाही. अमेरिकेत लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० रुग्णांच्या ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००३ साली दाखवले, की तिथे दाहाच्या पेशी नसतात. असतात त्या विसकटलेल्या, झिजलेल्या, वीण सुटलेल्या तंतूंच्या खुणा. म्हणजे शरीराने दुरुस्ती सुरू केली आणि ती अर्ध्यावर सोडली. दाह शमवणारे औषध अशा ठिकाणी थोडे दिवस वेदना झाकते, तंतूंची वीण बसवत नाही. शॉकवेव्ह, सुई, रक्ताचे इंजेक्शन हे सगळे नवे उपचार दिसायला वेगळे असले, तरी त्यांचा हेतू एकच असतो: तिथे मोजूनमापून थोडी इजा करायची आणि रखडलेली दुरुस्ती पुन्हा सुरू करायची.

हे सगळे खरे ठरते ते निदान बरोबर असेल तर. प्रशिक्षण संपवून मी नुकतेच काम सुरू केले होते, तेव्हा दम्यासाठी बरीच वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या एक आजी टाच दुखते म्हणून आल्या. मी पट्ट्याच्या जागी अंगठा दाबला, त्या कळवळल्या, आणि मी ताण देण्याचे व्यायाम लिहून दिले. तीन आठवड्यांनी त्या काठी घेऊन आल्या. तेव्हा मी जी तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली: दोन तळहातांमध्ये टाच दोन्ही बाजूंनी धरून दाबली. त्यांनी पाय झटकन मागे घेतला. एमआरआयमध्ये टाचेच्या हाडाला बारीक चीर होती, आणि मी त्यांना तीन आठवडे त्याच हाडावर ताण द्यायला लावले होते. अर्ध्या मिनिटाची ती तपासणी तेव्हापासून माझ्या हातून कधी सुटलेली नाही.

टाच दुखण्याची इतरही कारणे असतात आणि छोट्या छेदाचा कोणताही उपचार त्यांना उपयोगी पडत नाही. जळजळ, मुंग्या, चालल्यावर कमी होण्याऐवजी वाढत जाणारे दुखणे, आणि दाबल्यावर टाचेच्या तळापेक्षा आतल्या बाजूला, थोडे वर सापडणारा बिंदू असेल, तर तिथून जाणारी बारीक नस दबलेली असू शकते. वेदना टाचेच्या बरोबर मध्यभागी असेल, अनवाणी चालताना दगडावर पाय पडल्यासारखे वाटत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर हाड लगेच लागत असेल, तर टाचेची चरबीची गादी पातळ झालेली असते. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडचा हाही एक परिणाम आहे, म्हणून आपल्या बाबतीत हे मुद्दाम पाहावे लागेल. तिशीच्या आतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडत असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञांकडे जावे. कमरेतून दबलेली नसही टाचेपर्यंत कळ आणते. आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप किंवा वजनातली घट यांपैकी काही असेल, तर टाचेच्या व्यायामात एक दिवसही घालवू नये.

आपल्या पत्रात ‘सगळे उपाय करून झाले’ असे एक वाक्य आहे. मला ते रोज ऐकायला मिळते, आणि विचारत गेले की बहुतेक वेळा त्यात मऊ चप्पल, गरम पाण्याचा शेक, वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपी केंद्रात दहा दिवस घेतलेले मशीन एवढेच असते. यात रुग्णाचा दोष नाही. त्याला कोणी वेळ देऊन शिकवलेलेच नसते. पट्ट्यासाठीचा नेमका ताण असा असतो: पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवावा, बोटे हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढावीत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ झालेला लागला पाहिजे, आणि मग मनात दहा आकडे मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप सकाळचे पहिले पाऊल जमिनीला लागण्याआधी. अमेरिकेत १०१ जुनाट रुग्णांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा हा ताण आठ आठवड्यांत सरस ठरला होता. बहुतेक जण पट्टा ताठ न करता नुसती बोटे हलवतात आणि व्यायामाने काही झाले नाही असे सांगतात.

दुसरा व्यायाम ताकदीचा आहे आणि तो आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. जिन्याच्या पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, कठडा धरून, एका पायावर टाच हळूहळू वर न्यायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंद खाली. हे दिवसाआड करायचे, आणि जमू लागले की पाठीवर पुस्तके भरलेली पिशवी घेऊन वजन वाढवत जायचे. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या २०१४ सालच्या चाचणीत तीन महिन्यांनंतर या व्यायामाचा गट नुसता ताण घेणाऱ्या गटाच्या पुढे होता. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच झाले. मला या निष्कर्षाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दहांपैकी आठ-नऊ रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. त्या उरलेल्या एक-दोघांत आपण आहात का, हे चौदा महिने उलटले एवढ्यावरून ठरत नाही. त्या चौदा महिन्यांत नेमके काय केले यावरून ठरते.

आणि फरशी. आपल्याकडे घरात पायात काही घालत नाहीत. कोटा असो, शहाबादी असो वा नवी गुळगुळीत टाइल असो, स्वयंपाकघरात दोन-दोन तास अनवाणी उभे राहणे हे कोणाला श्रम वाटतच नाहीत. कित्येक शाळांत चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत आहे, म्हणजे बाई पाच-सहा तास अनवाणी फळ्यापुढे उभ्या. पद्धत चांगलीच आहे, पण दुखऱ्या टाचेला ती परवडत नाही. घरासाठी एक आणि वर्गासाठी एक असे बाहेर न वापरलेले, टाच किंचित उंच आणि तळ मऊ असलेले दोन जोड ठेवावेत आणि मुख्याध्यापकांना कारण सांगून ठेवावे. माझ्या एका रुग्ण शिक्षिकेने आठवडाभर दुखऱ्या पायाने वर्गात किती तास उभे राहावे लागते हे वहीत मांडले होते, आणि मला कोणत्याही स्कॅनपेक्षा त्या वहीतून जास्त कळले.

आता स्टेरॉइड. त्याला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. घरात लग्न आहे, परीक्षेच्या कामाला जायचे आहे, पाय टेकवत नाही, अशा वेळी एक इंजेक्शन काही आठवड्यांचा श्वास मिळवून देते, आणि त्या अवधीत व्यायाम सुरू झाला तर ते कारणी लागते. पण त्याचा परिणाम आठवड्यांत मोजायचा असतो, आणि आपल्या अनुभवातही दुसऱ्या खेपेला तो आखूड झाला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टाचदुखीच्या ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा पट्टा फाटलेला आढळला, आणि त्या ५१ पैकी ४४ जणांनी आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेले होते. पट्टा फाटला की कधी ‘कट्’ असा आवाज येतो, तळवा काळानिळा पडतो, आणि गंमत अशी की टाचेचे जुने दुखणे थोडे दिवस थांबतेही. नंतर कमान खचते आणि पायाची बाहेरची कड दुखू लागते. दोन इंजेक्शनांनंतर तिसरे देणारे हात बरेच असतात, पण माझा हात तिथे थांबतो.

शॉकवेव्हपासून सुरुवात करतो, कारण यात कातडीला छेदच नाही. या तंत्राचा उगम मूत्रखड्यात आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा बाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरींनी रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा फोडला गेला. पुढे त्याच लहरी हाडे आणि स्नायूबंध यांच्यावर वापरल्या जाऊ लागल्या, आणि २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली. एक बैठक अशी असते: टाचेवर जेल लावतात, सर्वांत दुखरा बिंदू रुग्णानेच बोटाने दाखवायचा, आणि त्यावर हातातले यंत्र टेकवून साधारण दोन हजार ठोके द्यायचे. पाच-सात मिनिटे टकटक चालते. पहिले काही ठोके चांगलेच लागतात, म्हणून जोर हळूहळू वाढवतात. आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका होतात. जागा बधिर करून हे करू नये, कारण एक तर दुखरा बिंदू सापडत नाही आणि दुसरे, बधिर केल्यास परिणाम घटतो असे दिसते.

या उपचाराचे पुरावे मात्र सरळ नाहीत. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या १६६ आणि २००३ साली जर्मनीतल्या २७२ रुग्णांच्या चाचण्यांत खऱ्या आणि लटक्या शॉकवेव्हमध्ये फरक दिसला नाही. जर्मन चाचणीत भूल दिलेली होती. २००८ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत, तीन बैठका आणि प्रत्येकी दोन हजार ठोके अशा पद्धतीने, बारा आठवड्यांनंतर खरा उपचार मिळालेले ६१ टक्के रुग्ण सुधारले आणि लटका उपचार मिळालेले ४२ टक्के. लोक पहिला आकडा सांगतात. दुसराही सांगायला हवा: ज्यांना खरे काहीच दिलेले नव्हते त्यांच्यातलेही शंभरातले बेचाळीस सुधारले. माझे मत असे, की दोघांतला फरक खरा आहे, माफक आहे, आणि धोका जवळजवळ शून्य असल्यामुळे या पायरीला अर्थ आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, गरोदरपणात, किंवा त्या जागी गाठ असल्यास शॉकवेव्ह देत नाहीत. ‘दोन बैठकांत हमखास’ अशी पाटी दिसली तर मात्र पुढे चालू लागावे. परिणाम सहा ते बारा आठवड्यांनी कळतो.

पुढची पायरी सुईची. हे मी कसे करतो ते जरा जवळून सांगतो, कारण ‘छोटीशी प्रक्रिया’ या शब्दामागे काय घडते हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. रुग्ण पोटावर झोपतो, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर. घोट्यामागच्या नसेजवळ भूल दिली की दहा मिनिटांत तळवा बधिर होतो. दुखऱ्या जागी थेट सुई टोचून भूल देण्यापेक्षा हे पुष्कळ सुसह्य असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर निरोगी पट्टा चार मिलिमीटरपेक्षा पातळ, चकचकीत, सरळ रेघांचा दिसतो. आजारी पट्टा टाचेपाशी सहा-सात मिलिमीटर फुगलेला, काळपट, रेघा पुसल्यासारखा. सुई टाचेच्या आतल्या बाजूने घालायची आणि तिचे टोक पडद्यावर डोळ्यांदेखत त्या काळ्या भागात न्यायचे. मग एकाच छिद्रातून वीस-तीस वेळा मागेपुढे. सुरुवातीला ओल्या वाळूत तार खुपसावी तशी करकर बोटांना जाणवते. दहा-बारा फेऱ्यांनंतर ती करकर मऊ पडते आणि त्यावरूनच कळते की आता थांबावे. सगळे वीस मिनिटांत आटोपते आणि टाचेवर एक लहानशी पट्टी राहते.

रक्ताचे इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, हे याच सुईतून त्याच जागी सोडायचे असते. दंडातून काढलेले रक्त यंत्रात गरगर फिरवून त्यातला प्लेटलेट जास्त असलेला थर वेगळा करतात. नेदरलँड्समध्ये ११५ रुग्णांवर झालेल्या २०१९ सालच्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपीचा गट स्टेरॉइडच्या गटापेक्षा सरस होता. पहिल्या महिन्यात मात्र स्टेरॉइड घेतलेला रुग्ण खूश असतो आणि पीआरपी घेतलेला वैतागलेला, कारण पीआरपीनंतर आठ-दहा दिवस टाच आधीपेक्षा जास्त दुखते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण औषधाच्या दुकानातून दाह शमवणारी गोळी आणून घेतो आणि जी प्रतिक्रिया आपण मुद्दाम घडवली तीच दाबून टाकतो. प्रक्रियेच्या आधी आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे या गोळ्या वर्ज्य, पॅरासिटामॉल चालते. सोनोग्राफीशिवाय, नुसत्या अंदाजाने टाचेत टोचलेले पीआरपी म्हणजे पत्त्याशिवाय टपालात टाकलेले पाकीट, आणि दुर्दैवाने तसे टोचणारे पुष्कळ आहेत.

ध्वनिकंपनांनी खराब ऊती फोडून शोषून घेणारी आणि उच्च वारंवारितेच्या विजेने बारीक छिद्रे पाडणारी खास टोकेही आता मिळतात. काम सुईसारखेच, खर्च कितीतरी जास्त. माझ्या अनुभवात टोक कोणते यापेक्षा सोनोग्राफीची दांडी कोणाच्या हातात आहे याने अधिक फरक पडतो. धमनीतून नळी घालून त्या जागच्या नव्या केशवाहिन्या बंद करण्याचा प्रयोग जपानी डॉक्टरांनी पुढे आणला आहे, आणि जर्मनीत अत्यल्प मात्रेचे किरण देण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. आपल्या वयाच्या आणि अजून सोप्या पायऱ्या शिल्लक असलेल्या रुग्णाने त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

आता पोटरी, जिच्याविषयी तीन डॉक्टरांपैकी कोणीही आपल्याशी बोललेले दिसत नाही. आपण घरीच पाहू शकता. सतरंजीवर पाय लांब करून बसावे, गुडघा सरळ ठेवून पाऊल जमेल तितके अंगाकडे ओढावे. मग गुडघा वाकवून तेच करावे. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनाशीच अडत असेल आणि वाकवल्यावर सहज पुढे येत असेल, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला आहे. स्वीडिश शल्यविशारद सिल्फव्हर्शोल्ड यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. अशी पोटरी प्रत्येक पावलाला टाच मागे ओढते आणि तो ताण तळव्याच्या पट्ट्यावर येतो. पट्ट्यावर कितीही शॉकवेव्ह दिले, तरी ओढणारा दोर तसाच राहतो. तीन महिने रोज भिंतीला हात टेकून पोटरी ताणल्यावरही ती सैल होत नसेल, तर गुडघ्यामागे सुमारे तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन त्या स्नायूच्या आतल्या भागाचे पांढरे आवरण तेवढे कापता येते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. २०१८ साली नॉर्वेतल्या ४० जुनाट रुग्णांच्या चाचणीत ही शस्त्रक्रिया अधिक व्यायाम हा गट नुसत्या व्यायामापेक्षा वर्षाअखेरीस स्पष्टपणे पुढे होता. टाचेच्या दुखण्यासाठी गुडघ्यामागे छेद का, हे नातेवाइकांना पटवायला मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुर्बिणीने पट्टा सोडवण्याचे तंत्र १९९१ साली अमेरिकेत बॅरेट आणि डे यांनी मांडले. टाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरहून लहान छेद, मधून नळी, एका बाजूने दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूने आकडीसारखी पाती. पट्ट्याचा आतला तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, एवढाच कापायचा. इथे हात सैल सुटला की पुढचे दुखणे आपणच निर्माण करतो: रहाटाचा दोरच तुटला तर कमान उचलणार कोण? जास्त कापलेल्या पायाची कमान बसते आणि बाहेरच्या कडेची हाडे भार घेऊन दुखू लागतात. टाचेच्या आतल्या बाजूची संवेदना देणारी बारीक नस दुखावून तिथे कायमची बधिरता येऊ शकते. छेद लहान असला, तरी दिवसभर उभे राहण्याच्या नोकरीवर परतायला सहा ते बारा आठवडे लागतात. योग्य रुग्णात ही शस्त्रक्रिया उत्तम काम करते. पण वर्षभर नीट व्यायाम, शॉकवेव्ह आणि सुई हे सगळे झाल्यावरही पट्टा जाड आणि पाय बेजार, अशा रुग्णांची माझी संख्या वर्षाला दोन-तीनच्या पुढे जात नाही. या शस्त्रक्रियेत ‘हाडही घासून टाकू’ असे कोणी म्हटले, तर ते कशासाठी, हे जरूर विचारावे.

मधुमेह असेल तर वेगळा इशारा. तापवलेली वीट, त्यावर रुईचे पान आणि त्याचा शेक, हा उपाय घरोघरी होतो, आणि पायाची संवेदना शाबूत असलेल्याला त्याने बरेही वाटते. संवेदना कमी झालेल्या पायाला मात्र भाजल्याचे कळतच नाही. टाचेला डाग देण्याचेही तसेच. अशा एका शेकाने सुरू झालेली जखम भरून यायला सात महिने लागलेले मी पाहिले आहेत. आपण मधुमेहाविषयी काही लिहिलेले नाही. चाळिशीनंतर जुनाट टाचदुखी असेल, तर रक्तातली साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावे.

आपल्या जागी मी असतो तर पुढचे सहा महिने असे काढले असते. पायाचे रुग्ण नियमित पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून टाच दाबून, नस ठोकून, पोटरी मोजून घेतली असती आणि पट्ट्याची सोनोग्राफी केली असती. एमआरआय फक्त चीर किंवा फाटल्याची शंका असेल तर. पट्टा अखंड आणि जाड निघाला, तर वर सांगितलेले दोन्ही व्यायाम वहीत नोंद ठेवून बारा आठवडे, आणि त्यांच्याच सुरुवातीला शॉकवेव्हच्या तीन बैठका. बारा आठवड्यांनी सकाळचे पहिले पाऊल निम्म्याने तरी सुधारलेले नसेल आणि पोटरी सैल असेल, तर सोनोग्राफीखाली सुई, हवे तर पीआरपीसह, आणि ती शक्यतो उन्हाळी सुटीच्या सुरुवातीला, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे उभे राहावे लागणार नाही. पोटरीच आखडलेली असेल, तर सुईवर पैसे घालवण्याआधी तिच्या शस्त्रक्रियेविषयी बोलले असते.

तपासणीला जाताना जुने एक्स-रे न्यावेत, दोन्ही इंजेक्शनांच्या तारखा आणि औषधाचे नाव लिहून न्यावे, आणि शाळेत रोज घालता तोच जोड पायात असू द्यावा, नवा नव्हे. टाचेची कोणती कड झिजली आहे हे त्या तळाकडे पाहूनच कळते.